निवृत्तांच्या वसाहतींतील दिनक्रम

'निवृत्ति' हा शब्द आपल्या भाषेंत जुना आहे. प्रवृत्ति म्हणजे संसाराकडे ओढ, आणि निवृत्ति म्हणजे त्या ओढींतून मागें फिरणें, असा त्याचा मूळचा अर्थ. ज्ञानेश्वरांच्या वडील बंधूंचें नांव तेंच होतें. पुढें सरकारी कचेऱ्या आल्या, पेन्शन आलें, आणि निवृत्ति ही मनाची अवस्था न राहतां एक तारीख झाली. वयाचीं अठ्ठावन्न किंवा साठ वर्षें भरलीं कीं हार, श्रीफळ व भिंतीवरचें घड्याळ घेऊन मनुष्य निवृत्त होतो. मग मन मागें फिरलेलें असो वा नसो. अशा मंडळींचें गांव म्हणून पुण्याचा लौकिक फार दिवसांचा. 'पेन्शनरांचें पुणें' हे शब्द आम्हीं लहानपणापासून ऐकलेले आहेत. परंतु तो पेन्शनर आपल्या वाड्यांत, मुलांनातवंडांच्या गलबल्यांत राहत असे. केवळ निवृत्तांनींच मिळून राहावें, त्यांच्याकरितांच घरें बांधावीं, त्यांच्या दातांस व पचनशक्तीस झेपेल असाच स्वयंपाक व्हावा, अशी वसाहत ही अलीकडची गोष्ट आहे. ती आमच्या कर्जत-खालापूरकडे कशी आली आणि तेथें दिवस कसा जातो, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

वृद्धांस आसरा देणाऱ्या संस्था आपल्याकडे नव्या नाहींत. पुण्यांतील डेव्हिड ससून यांच्या नांवाचें अनाथ पंगु गृह एकोणिसाव्या शतकांतलें आहे. त्याच शतकांत, १८३९ सालीं, फ्रान्समध्यें झान जुगान नांवाच्या एका गरीब बाईनें एका अंध व निराधार म्हातारीस उचलून आपल्या बिऱ्हाडीं आणलें आणि तिला आपला बिछाना दिला. त्या एका बिछान्यांतून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा भगिनींचा संघ निघाला. त्याचें एक घर मुंबईंत अंधेरीस आहे. खालापूर तालुक्यांत खोपोलीस रमाधाम हा वृद्धाश्रम आहे. वसाहत ही मात्र याहून वेगळी चीज. तेथें येणारा निराधार नसतो. तो अनामत रक्कम भरतो, दरमहाचा खर्च देतो, आणि स्वतंत्र खोलींत किंवा लहानशा घरांत बिऱ्हाड करतो. डॉ. शीलू श्रीनिवासन यांनीं १९९५ सालीं मुंबईंत डिग्निटी फाउंडेशन ही संस्था काढली. तिच्याच प्रयत्नांतून नेरळजवळ माथेरानच्या पायथ्याशीं वृद्धांची वसाहत उभी राहिली, आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांची शुश्रूषाहि तेथें होऊं लागली. पुण्याच्या अंगास परांजपे यांच्या 'अथश्री' वसाहती झाल्या.

आमच्या भागाची निवड कां व्हावी, हें समजण्यास फार विचार नको. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब माथेरानावर चढले, १९०७ सालीं नेरळहून वर छोटी आगगाडी जाऊं लागली, आणि तेव्हांपासून मुंबईकरांस 'हवा पालटणें' म्हणजे ही बाजू ठाऊक. लोकल गाडी कर्जतपर्यंत येते. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग खालापुरांतून सुरू झाला. जमीन मुंबईच्या मानानें स्वस्त होती. आणि मुलगा रविवारीं सकाळीं निघून संध्याकाळीं परत जाऊं शकेल इतकें हें अंतर आहे. तो दर रविवारीं येतोच असें नाहीं. पण येऊं शकेल, एवढ्यावर पुष्कळशा आईबापांचा निर्णय झालेला आम्हीं पाहिला.

आम्हीं जी वसाहत जवळून पाहिली तिचें नांव आम्ही येथें देत नाहीं. तेथील मंडळींनीं आम्हांस ज्या घरच्या गोष्टी सांगितल्या, त्या छापण्याकरितां सांगितल्या नव्हत्या.

प्रथम घरांविषयीं. घरें बैठीं, चार-चारांच्या ओळींत, मधून फरसबंद वाट. आम्हांस मोठें नवल वाटलें तें हें कीं, एकाहि दारास उंबरठा नाहीं. आपल्याकडे उंबरठ्याचा केवढा मान! नवी सून तेथलें माप लवंडून आंत येते, तिन्हीसांजेस त्यावर बसल्यास आजी रागावते, आणि 'उंबरठे झिजविणें' हा वाक्प्रचार तर आम्ही दरवर्षीं नववीच्या वर्गास वाक्यांत योजावयास देतों. येथें तो बुद्ध्याच ठेवलेला नाहीं. पाय उचलण्याची शक्ति उणावली म्हणजे दोन इंचांचा दगडहि मनुष्यास पाडतो, आणि त्या वयांत खुब्याचें हाड मोडलें तर तो पुन्हां चालूं लागेलच असें सांगवत नाहीं. चाकांची खुर्ची आंत जावी म्हणून दारें रुंद आहेत. न्हाणीघराचें दार आंतल्या अंगास न उघडतां बाहेर उघडतें. याचें कारण आम्हांस प्रथम सुचलें नाहीं. मनुष्य आंत पडला, तर त्याच्याच देहानें दार अडतें आणि बाहेरच्यांस तें ढकलतां येत नाहीं, असें व्यवस्थापकांनीं सांगितलें. भिंतीस धरावयास कांबी, पलंगाच्या उशाशीं घंटेची कळ, आणि पलंगापासून न्हाणीपर्यंत रात्रभर एक मंद दिवा. हें सर्व पाहत असतां आमच्या स्वतःच्या घरची न्हाणी आमच्या डोळ्यांपुढें येत होती. तेथें आमच्या मातोश्री रोज पहाटे अंधारांत एकट्याच जातात.

कचेरींत आम्हीं प्रवेशाचा अर्ज पाहावयास मागितला. नांव, जन्मतारीख, रक्तगट, आजार, चालू औषधें, आणि सर्वांत खालीं 'पालकाचें नांव व सही'. शाळेच्या अर्जावर हीच ओळ आम्ही गेलीं वीस वर्षें पाहत आलों आहों. इस्पितळांत न्यावयाचें झालें, शस्त्रक्रियेस संमति द्यावयाची झाली, तर कोणी तरी आपला माणूस कागदावर लागतो. मुलगा परदेशीं असेल तर मुंबईचा एखादा भाचा किंवा पुतण्या ती जागा घेतो. ज्या मुलाच्या अर्जावर बापानें सही केली, तोच मुलगा चाळीस वर्षांनीं बापाच्या अर्जावर पालक म्हणून सही करतो. कित्येकांचे डोळे या ओळीशीं येऊन थांबतात, असें कारकून म्हणाला.

आतां दिनक्रम. म्हातारपणीं झोंप थोडी. म्हणून माथेरानच्या माथ्यावर ऊन पडण्याआधींच वाटेवर काठ्यांचे आवाज सुरू होतात. साडेसहास चहा. त्याच्या दोन किटल्या असतात, एक साखरेची व एक बिनसाखरेची, आणि ओळख पटावी म्हणून दुसरीच्या कानास तांबडी दोरी बांधलेली असते. त्या दोरीच्या किटलीपुढें रांग मोठी. तरी दोघे-तिघे रोज चुकून पहिल्या रांगेंत सांपडतात, आणि ही चूक गेलीं तीन वर्षें रोज होत आहे असें वाढपी हंसत म्हणाला. न्याहारीनंतर परिचारिका रक्तदाब पाहते व औषधें देते. औषधांच्या डब्यांस वारांचे सात कप्पे असतात. मंगळवारचा कप्पा बुधवारीं भरलेला आढळला तर चौकशी होते, अगदीं गृहपाठ न केलेल्या विद्यार्थ्याप्रमाणें. मग वर्तमानपत्रें. तीं येथें मागल्या पानाकडून वाचावयास आरंभ होतो. प्रथम निधनवार्ता, नंतर राजकारण. एका गृहस्थांची दृष्टि मधुमेहानें गेली आहे. त्यांस दुसरे एक गृहस्थ अग्रलेख वाचून दाखवितात, आणि प्रत्येक परिच्छेदास दोघांचें भांडण होतें.

येथें एका गार्डसाहेबांचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. त्यांची सारी हयात रेल्वेंत गेलेली. दूरवर गाडीचा भोंगा वाजला कीं घड्याळाकडे न पाहतां ते वेळ सांगत, आणि ती खरी निघे. गाडी उशिरानें आली तर ते असे ओशाळत, कीं जणूं दोष त्यांचाच. भोजनगृहांत त्यांची खुर्ची खिडकीपाशीं होती. खुर्च्यांवर कोणाचेंहि नांव नाहीं. तरी ज्याची त्याची जागा ठरलेली असते, आणि नवीन आलेला मनुष्य पहिल्याच दिवशीं दुसऱ्याच्या जागेवर बसून सर्वांची नाराजी ओढवून घेतो. आमच्या वसतिगृहांतील मुलांची रीत याहून निराळी नाहीं.

जेवणाची एक कमिटी आहे, व तिच्या सभा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सभांहून अधिक गाजतात. कोणास वरण गोडें हवें, कोणास आमटी तिखट हवी, मीठ मात्र डॉक्टरांनीं सर्वांचेंच कमी केलेलें. भाकरी चावत नाहीं, आणि भाकरीवांचून जेवल्यासारखें वाटत नाहीं. म्हणून ती पातळ थापून, कढत आमटींत कुसकरून वाढतात. परंतु स्वयंपाकघरांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. सकाळीं दहाच्या सुमारास मागच्या ओटीवर सात-आठ बायका मेथी निवडीत बसलेल्या दिसतात. प्रथम आम्हांस वाटलें, हीं माणसें एवढा पैसा मोजतात, मग यांना काम कशास? आचाऱ्याला विचारलें. तो म्हणाला कीं, भाजी निवडावयास बाई नेमलेली आहे. पण ती चार जुड्या मुद्दाम तशाच ठेवते. एकदां ती रजेवर असतां बदलीच्या बाईनें सगळीच भाजी निवडून टाकली, तेव्हां त्या दिवशीं दोघी आजी जेवावयास आल्या नाहींत. ज्यांनीं पन्नास वर्षें स्वयंपाकघरांत राज्य केलें, त्यांस आयतें ताट हें सुख पहिले आठ दिवस वाटतें. पुढें तें टोंचूं लागतें.

दुपार शांत. चारास चहा, मग कॅरम, पत्ते, ज्यांस आवड त्यांचें भजन, आणि संध्याकाळीं टेलिव्हिजनवरील मालिका. साडेसातास जेवण, नवास दिवे बंद. रविवारचा क्रम मात्र वेगळा. त्या दिवशीं सकाळीं आठापासून मोबाईल हातांत धरून मंडळी आपापल्या दारांत बसतात, कारण अमेरिकेंत तेव्हां शनिवारची रात्र असते आणि नातवंडें जागीं असतात. आंत जाळें नीट लागत नाहीं, म्हणून सर्वजण बाहेर. आणि एकाच्या नातवाचें गाणें दहाजण ऐकतात. ज्यांस फोन येत नाहीं ते त्या वेळीं फिरावयास जातात. त्यांस कोणी हांक मारीत नाहीं.

आमचें तेथें प्रथम जाणें झालें तें एका डिसेंबरांत. आठवीचे तीस विद्यार्थी, पेटी, तबला, नाताळची गाणीं, एक लहान नाटिका, आणि वांटण्यासाठीं शाली व संत्रीं, अशी आमची तयारी होती. दुपारीं अडीचास आम्ही कार्यक्रम सुरू केला. ती त्यांची विश्रांतीची वेळ आहे हें आम्हीं विचारलेंहि नव्हतें. सर्व मंडळी उठून, तोंड धुऊन, नीटनेटके कपडे घालून आलीं व दोन तास बसलीं. टाळ्या वेळेवर पडल्या. आम्ही मनांत बरेच संतुष्ट होतों. निघतांना पुढल्या रांगेंतील एका बाईंनीं आम्हांस बोलावलें. वय ऐशीच्या पुढें, आवाज खणखणीत. मुंबईच्या एका शाळेंत पस्तीस वर्षें मराठी शिकविलेल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मुलांनीं छान गायिलें. पण डिसेंबरांत आमच्याकडे तीन शाळा येतात, दोन क्लब येतात. माझ्याकडे सहा शाली झाल्या आहेत. जुलैंत कोणी येत नाहीं. तुम्ही जुलैंत या."

आम्हीं होकार दिला. त्या पुढें म्हणाल्या, "आणि गाणीं आणूं नका. वह्या आणा."

"कसल्या वह्या, बाई?"

"मुलांच्या. निबंधाच्या. तपासायला. लाल पेन माझ्याकडे आहे."

आम्हीं तें विनोदावारी नेलें, हें कबूल केलें पाहिजे. पण जुलै आला, आणि ते शब्द आम्हांस स्वस्थ बसूं देईनात. आठवीच्या निबंधाच्या बेचाळीस वह्या प्लास्टिकमध्यें गुंडाळून, एका शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही एकटेच निघालों.

कर्जतचा पाऊस ज्यानें अनुभवला आहे त्यास तो सांगावयास नको. उल्हास नदी दुथडी भरलेली, डोंगर ढगांत बुडालेला. वसाहतीची ती सुरेख फरसबंद वाट हिरवी होऊन निसरडी झाली होती, व तिच्या तोंडाशीं दोरी बांधून 'वाट बंद' अशी पाटी लावली होती. फिरणें बंद, म्हणून मंडळी पडवींतच येरझारा घालीत होतीं, चाळीस फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर असा हिशेब. वीज सकाळपासून गेलेली. वर्तमानपत्र आलें नव्हतें. फोनचें जाळें दोन दिवस बंद. गुडघे तर सर्वांचेच बोलत होते. डिसेंबरांतील पाहुण्यास जें दिसत नाहीं तें हें, आणि वर्षाचे चार महिने तेंच असतें.

खिडकीपाशींची खुर्ची रिकामी होती. आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. चहा चालला असतां दूर गाडीचा भोंगा वाजला. क्षणभर सगळे थांबले. मग एका बाईंनीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ सांगितली. ती बरोबर होती कीं नाहीं, तें कोणास कळलें नाहीं.

वह्या पाहतांच शिक्षिकाबाईंनीं चष्मा पुसला. आठ दिवसांनीं आम्ही त्या परत आणावयास गेलों, तेव्हां एकेका वहींत समास लाल झालेला होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर होत्याच. पण 'तूं पाहिलेला पाऊस लिही, पुस्तकांतला नको', 'आजोबांविषयीं आणखी लिही', 'हें वाक्य उत्तम, पुन्हां वाचलें', असे शेरे आम्हीं घाईगर्दींत कधींच दिले नव्हते. आमच्या स्वतःच्या पूर्वींच्या शेऱ्यांतील दोन अशुद्ध शब्दहि त्यांनीं निमूटपणें सुधारले होते. वर्गांत तें सर्वांनीं पाहिलें. तेव्हांपासून दर पंधरवड्यास वह्या जातात व येतात. वह्यांबरोबर मुलें चिठ्ठ्या लिहितात, आणि चिठ्ठींत शुद्धलेखनाची चूक असल्यास तीहि तपासून परत येते. गणिताच्या वह्यांकरितां एका निवृत्त बँक-अधिकाऱ्यांनीं मागणी केली आहे. आमच्या गणिताच्या शिक्षकांनीं अद्यापि संमति दिलेली नाहीं.

या वसाहतीची आणखी एक बाजू आहे. तेथें अंग पुसणाऱ्या, जेवण भरविणाऱ्या, रात्रीं घंटेसरशीं धांवणाऱ्या मुली भोंवतालच्या गांवांतून व ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरून येतात. त्यांपैकीं एक आमची जुनी विद्यार्थिनी निघाली. तिची स्वतःची आजी वाडीवर दिवसभर एकटी असते. "इथल्या आज्यांना मी वेळेवर भरवतें, सर," ती म्हणाली, "आमची म्हातारी कधीं जेवते तें मला ठाऊक नाहीं." त्या आजीस श्रावणबाळ योजनेचें निवृत्तिवेतन मिळतें, २०२३ सालीं तें दरमहा १००० रुपयांवरून १५०० रुपये झालें. २०११ च्या खानेसुमारींत साठीवरील लोकांची संख्या देशांत १० कोटींच्या वर गेली, आणि महाराष्ट्रांत तर दर शंभरांत जवळजवळ १० माणसें साठीच्या पुढचीं निघालीं. त्यांतील फार थोड्यांस वसाहतीची अनामत भरतां येईल. २००७ सालीं मध्यवर्ती सरकारनें आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या पोषणाचा कायदा केला आहे. सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो, आणि कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांची प्रांत कचेरी कर्जतलाच आहे. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, परत मिळविण्याची तरतूदहि त्यांत आहे. प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असें एक घर असावें, अशीहि त्या कायद्याची कल्पना आहे. परंतु कोणत्या कायद्यानें त्या मुलीस दुपारीं बारास वाडीवर जातां येईल?

मुलें आपल्या आईबापांस तेथें ठेवतात हें योग्य कीं अयोग्य, असें आम्हांस कित्येकांनीं विचारलें. पूर्वीं आम्ही चट्दिशीं उत्तर देत होतों. आतां देत नाहीं. भरल्या घरांत दिवसभर कोणाशीं शब्द न बोलतां बसलेले वृद्ध आमच्याच आळींत आहेत. आणि स्वखुशीनें, मुलांचा विरोध मोडून, वसाहतींत आलेले एक जोडपें आम्हीं पाहिलें आहे. त्या आजोबांनीं तेथें वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं पेटी शिकावयास आरंभ केला. त्यांच्या शेजाऱ्यांचें मत याविषयीं निराळें असूं शकेल.

दुसऱ्या फेरीनंतर आम्हीं घरीं हें सर्व सांगत होतों. मातोश्री तांदूळ निवडीत ऐकत होत्या. त्यांनीं मधेंच विचारलें, "महिन्याला किती घेतात रे?"

आम्ही दचकलों. "आई, तुला काय करायचें आहे? आम्ही आहों ना?"

"नुसतें विचारलें," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानें, "न्हाणीचें दार बाहेर उघडतें म्हणालास, तें चांगलें आहे."

पुढल्या आठवड्यांत आम्हीं सुतारास बोलावलें. चौकट जुनी, बिजागऱ्या गंजलेल्या. दार फिरवावयास दोन दिवस लागले. भिंतीस दोन कांबी ठोकल्या, वाटेंत एक लहान दिवा लावला. काम चालू असतां मातोश्री तेथेंच खुर्ची टाकून बसल्या होत्या. जातां जातां सुतारानें पुढल्या दाराचा उंबरठाहि काढून टाकूं काय, म्हणून विचारलें. तो मात्र त्यांनीं काढूं दिला नाहीं.